जुन्या कपड्यांच्या पिशव्या आणि बटवे: बंद फाटतात, सुया तुटतात, काय करू?

मंडईवाली
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. कारण परवा भर मंडईत माझी शोभा झाली.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक गाठोडं निघालं. आजेसासूबाईंची दोन सुती नऊवारी लुगडी, नवऱ्याच्या तीन जीन्स, सात-आठ शर्ट आणि ओटीत आलेल्या खणांची ही चळत. पूर्वी बोहारीण यायची, दोन पँटी घेऊन एक स्टीलचा डबा देताना अर्धा तास घासाघीस करायची. आता ती आमच्या गल्लीत फिरकत नाही. घरात पायमशीन आहे, शिवणाचा क्लास लग्नाआधी केलेला आहे. म्हटलं पिशव्या शिवू.

लुगड्याची पिशवी शिवली, त्याच्याच काठाचे बंद लावले. दिसायला इतकी देखणी की जाऊबाईंनी फोटो मागितला. शनिवारी मंडईत नेली. दोन किलो कांदे, एक किलो टोमॅटो, भोपळ्याची फोड. शेवग्याच्या शेंगा घेताना फर्र आवाज आला आणि टोमॅटो थेट भाजीवाल्या मावशींच्या तराजूखाली. गंमत अशी, की बंद उसवला नाही. शिलाई जशीच्या तशी आहे, तिच्याखालचं कापडच फाटत गेलंय.

दुसरं, जीन्स शिवताना चार सुया मोडल्या. तिसरं, संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणाला प्लॅस्टिकचे डबे द्यायचे नाहीत असं ठरवलंय. चाळीस बायका असतात. जुन्या कापडातून झटपट होईल असं काय शिवू?

डोंबिवली_फास्ट
टोमॅटोंना भावपूर्ण श्रद्धांजली. बाकी वाचतोय. बायकोला लिंक पाठवली आहे, तिने उलट विचारलंय की तुझ्या जुन्या पँटी कुठे आहेत.

शिंप्याचा_पोर
ताई, शिलाई राहिली आणि कापड फाटलं, यातच उत्तर आहे. तुम्ही दोरा पॉलिस्टरचा वापरला असणार आणि टाका बारीक ठेवला असणार. जुनं सूत आधीच थकलेलं. त्यात बारीक टाका घातला की पोस्टाच्या तिकिटाला असतात तशी भोकांची रांग तयार होते. ओढ बसली की तिकीट फाटावं तसं फाटतं. दोरा कापडापेक्षा मजबूत असला की मरण कापडाचं.

वडिलांचं इचलकरंजीत दुकान होतं, त्यामुळे हे ऐकत ऐकतच वाढलो. टाका मोठा करा, इंचाला आठ-नऊ पुरेत. बंद लावायचा तिथे पिशवीच्या आतून जीन्सचा तीन इंची चौकोन ठेवा, म्हणजे ओढ त्या चौकोनावर पसरेल. बंद नुसत्या तोंडाच्या दुमडीत खोचून एक टीप मारू नका. दीड-दोन इंच खाली उतरवा आणि चौकोनी टीप घालून आत फुली मारा. शाळेच्या दप्तराचा पट्टा बघा, तिथे तशीच असते.

अजून एक. बंद नेहमी उभ्या धाग्यात कापायचा. ताण्याचं, म्हणजे उभं सूत ओढीला कमी ताणतं, आडव्यात कापलेला बंद महिन्याभरात लोंबतो. तिरक्यात तर कापूच नका, तो गोट लावायला. चार इंच रुंद पट्टी घेऊन चौघडी केली की एक इंची भरीव बंद होतो.

आणि खरंच वजन उचलायचं असेल तर बंद तोंडाशी संपवायचाच नाही. एका बाजूने वर, बुडाखालून फिरवून दुसऱ्या बाजूने वर, असा अख्खा पट्टा पिशवीला बाहेरून शिवायचा. मग वजन पट्टा पेलतो, पिशवीचं कापड फक्त माल सांभाळतं. सुतळीच्या गोणीला काथ्याची दोरी खालून घालून उचलतात ना, तेच.

वाकळ
वर पोराने लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर, पण मुळात लुगडं हे पिशवीचं कापडच नव्हे हो ताई. लुगडं गोधडीचं. गोधडीला कापड थकलेलंच लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, कारण तिथे सहा-सात थर एकमेकांना धरतात आणि धावदोरा सगळ्यांवर भार वाटून घेतो. पिशवीला कापड तरणं लागतं.

तरी लुगड्याची करायचीच असेल तर सगळं लुगडं सारखं झिजलेलं नसतं हे लक्षात घ्या. आठ-सव्वाआठ मीटर कापड असतं. काष्ट्याचा भाग आणि बसण्याची जागा विरलेली असते, पदराकडची बाजू बऱ्यापैकी शाबूत असते. उजेडासमोर धरलं की चाळण कुठे झालीय ते दिसतं. मग दोन अंगठ्यांमध्ये धरून झटका द्या. ‘चर्र’ केलं तर ते गोधडीत. नुसतं ताणून परत आलं तर पिशवीत, तेही खाली मांजरपाटाचं, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचं अस्तर जोडून.

माझी आई वाकळ शिवताना मधल्या थरांत सगळ्यात विरलेले तुकडे घालायची आणि वरच्या थराला चांगलं लुगडं. पिशवीत उलटं करा, चांगलं ते आत.

मंडईवाली
वाकळताई, आत्ता जाऊन उजेडाला धरून पाहिलं. मी नेमका काष्ट्याचा भाग कापला होता!! आजेसासूबाई वरून हसत असतील.

निळी_जीन्स
सुया मोडतात त्याबद्दल. घरच्या मशीनला दुकानदार डोळे झाकून १४ नंबर देतो. जीन्सला १६ लागते, जाड शिवणीवर १८. सपाट दांड्याची सुई मागा, गोल दांड्याची कारखान्याच्या मशीनची असते, ती आपल्याला बसत नाही.

पण सुई नुसती बारीक असल्यामुळे मोडत नाही. पँटच्या बाजूच्या शिवणीवर दुमडीवर दुमड येऊन सहा-आठ थर होतात. मशीनचं दाबपाऊल चढावर चढताना पुढून उचललं जातं, सुई वाकते आणि खालच्या पत्र्यावर आपटते. तिथे तीन गोष्टी करते मी. शिवणीवर जुनं फडकं ठेवून खलबत्त्याच्या बत्त्याने चार ठोके देते, म्हणजे गाठ सपाट होते. पाऊल चढाला आलं की त्याच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवते, म्हणजे पाऊल आडवं राहतं. आणि ते पाच-सहा टाके पायाने न मारता हाताने चाक फिरवून घालते. गेल्या वर्षभरात एक सुई मोडली, तीही फोन वाजला म्हणून.

जीन्स ताणली जाणारी आहे का ते आधी बघा. हल्लीच्या निम्म्या जीन्समध्ये लवचीक धागा असतो. त्याची पिशवी रिकामी असताना छान आणि बटाटे भरले की गुडघ्यापर्यंत. तसल्या जीन्सचे खिसे काढून घ्या, बाकी पायपुसणं.

कापूसकोंड्या
सगळे उत्साहात आहेत म्हणून जरा विरजण घालतो. ‘कापडी पिशवी = पर्यावरणप्रेम’ हे समीकरण तितकं सोपं नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल आहे. साध्या सुती पिशवीचा सगळ्या प्रकारचा पर्यावरणावरचा भार धरला तर प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी व्हायला ती ७,१०० वेळा वापरावी लागते. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. रोज मंडईत गेलात तरी ५५ वर्षं.

वाकळ
आली कापूसकोंड्याची गोष्ट!

एडिसनकर
@कापूसकोंड्या, तो आकडा बरोबर आहे, पण तो नव्या कापसाच्या पिशवीचा आहे. शेताला दिलेलं पाणी, खत, सूतकताई, रंग, सगळं त्यात धरलंय. फक्त हवामानापुरतं पाहिलं तर त्याच अहवालात साध्या सुती पिशवीला ५२ वेळा येतात. आणि इथे चर्चा आहे माळ्यावरच्या लुगड्याची. त्या कापसाचं पाणी केव्हाच पिऊन झालंय.

तुमच्या मुद्द्यातला खरा अर्धा भाग मी घेते. इकडे न्यू जर्सीत दुकानांत प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद झाल्यावर माझ्या गाडीच्या डिकीत फुकट मिळालेल्या नव्याकोऱ्या २२ कापडी पिशव्या जमल्या होत्या. हे काही पर्यावरणप्रेम नव्हे. घरात जुनं कापड असताना नवं कापड आणून ‘इको बॅग’ शिवणं हाही तसलाच प्रकार.

कापूसकोंड्या
मान्य. मी तेच म्हणत होतो. (म्हणत नव्हतो, पण आता म्हणतोय.)

आणखी एक सांगतो. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाले. त्यानंतर दुकानदारांनी ज्या रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या सुरू केल्या, त्या कापडी नाहीत. ते न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. त्यांचं अस्तर लावायचा मोह झाला तर इस्त्री लांब ठेवा. माझ्या बहिणीच्या इस्त्रीला हिरवा थर बसला तो अजून निघालेला नाही.

रत्नाग्री
ओल्या भाजीसाठी, मासळीसाठी अस्तर हवं असेल तर मोडकी छत्री! आमच्याकडे दर पावसाळ्यात दोन तरी मोडतात. काड्या वाकतात, कापडाला काही झालेलं नसतं. आठ काड्यांच्या छत्रीचे आठ त्रिकोण निघतात. एक सुलट, एक उलट असे जोडत गेलं की पट्टा होतो. पाणी झिरपत नाही, दहा मिनिटांत वाळतं. घडी करून शर्टाच्या खिशात मावेल एवढी पिशवी होते.

दोन गोष्टी सांभाळा. टाचण्या लावू नका, त्या कापडात पडलेलं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून शिवायचं. आणि चुकलेली टीप उसवली तरी भोकं राहतात, त्यामुळे आधी वर्तमानपत्राचा नमुना कापून बघा.

मी मासळी बाजाराची शिवली आहे, वर जीन्स आत छत्री. आत छत्रीच्या कंपनीचं नाव उलटं आलंय. बांगड्यांना वाचता येत नाही म्हणून सोडून दिलंय.

जरीकाठ
मला एक विनंती करायची आहे. कृपया रेशमी साड्यांना कात्री लावायच्या आधी दहादा विचार करा. हल्ली पैठणीचे बटवे, पैठणीची मोबाइल पाकिटं, पैठणीचे पडदे, काहीही चाललंय. एकीने माझ्यासमोर चांगल्या अवस्थेतली साडी पर्ससाठी उभी कापली, मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

रेशीम घडीवर चिरलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रफू टिकत नाही. तेव्हा काठ आणि पदर वाचवून वापरावेत, खाली कॉटन चिकटवून. पण जुन्या साडीची जर चांदीची असू शकते. तिला वेगळी किंमत येते, कापण्याआधी जाणकाराला दाखवा.

आणि धागा कसला आहे ते कळत नसेल तर एक धागा ओढून जाळा. सूत कागदासारखं जळून राख होते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी बनतो. सत्तर टक्के ‘आजीच्या रेशमी’ साड्या या परीक्षेत मणी होतात, हा माझा अनुभव.

डोंबिवली_फास्ट
बायकोने परीक्षा घेतली. मणी झाला. सासूबाईंनी दिलेली होती. घरात तणावपूर्ण शांतता.

खणखणीत
मंडईवालीताई, तुमच्या वाणाचा प्रश्न सगळे विसरले. ओटीचे खण आहेत म्हणालात ना? तेच वापरा. नाहीतरी ते कुणी शिवत नाही. मी दिलेला आंब्याच्या नक्षीचा पिस्ता खण तीन घरं फिरून दीड वर्षाने माझ्याच ओटीत परत आला होता. घडीच्या आतला पेनाचा डाग ओळखीचा निघाला.

एक ब्लाउजपीस ८० सेंटिमीटरचा आणि मीटरभर पन्ह्याचा धरा. त्यातून ६ × १८ इंचाचे दहा तुकडे बसतात. चार खणांत तुमचे चाळीस बटवे. तुकडा मधोमध दुमडला की ६ × ९. दोन्ही बाजू शिवायच्या, पण वरचे दोन इंच उघडे सोडायचे. त्या उघड्या कडा आत दुमडून टीप. मग वरून अर्धा इंच आणि नंतर दीड इंच अशी आत दुमड घालून तिच्यावर दोन समांतर टिपा, म्हणजे नाडीची नळी तयार. तयार बटवा साधारण ५ × ७ चा होतो. सोळा इंचांच्या दोन नाड्या, एक डावीकडून घालून पूर्ण फिरवून डावीकडेच बाहेर, दुसरी उजवीकडून. दोन्हीकडे ओढलं की तोंड मिटतं. एकच नाडी घातली तर बटवा एका अंगाला रुसल्यासारखा दिसतो.

नाड्या विकत आणू नका. खणाचे काठ उरतात त्यांच्याच होतात. पॉलिस्टर खणाचे धागे फार सुटतात, कडेला इंटरलॉक नसेल तर मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन फिरवा. सुती खणाला हे करू नका, पेटेल!

निळी_जीन्स
शर्टही आहेत ना? बाहीचा कफ बघा. दोन थर, आत बकरम (ताठपणासाठीचं कडक कापड), काज, बटण, सगळं कारखान्यातूनच शिवून आलेलं. वरची बाही एक इंच ठेवून कापा, दुमडून कफाच्या मापाची पिशवी करा, बाजू शिवा. सुट्ट्या पैशांचं पाकीट दहा मिनिटांत तयार, झाकणाला बटण आयतं. माझ्या मुलाच्या शाळेच्या बसच्या सुट्ट्या पैशांना तेच आहे. कॉलरचं मात्र काही होत नाही. तीन वर्षं डब्यात साठवतेय.

चिंधीबाजार
थोडं कडू लिहितो/लिहिते. चार वर्षं अशा पिशव्या विकते आहे. लोक हातात घेतात, ‘अय्या किती गोड’ म्हणतात आणि किंमत ऐकली की, ‘कापड तर जुनंच आहे ना, फुकट आलं असेल?’

हिशेब मांडते. जुनी पँट धुवायची, उसवायची, शिवणी काढायच्या, शाबूत भाग शोधायचा, इस्त्री करायची, यातच पाऊण तास. नव्या थानातून कापायला पाच मिनिटं लागतात. शिवायला दीड तास. चेन मीटरवर, रनर वेगळे, दोरा, अस्तर, निवारपट्टी. मी २५० सांगते तेव्हा तासाला घरकामाइतकेही पडत नाहीत. जुनं कापड स्वस्त नाही, जुनं कापड महाग आहे, फक्त त्याचे पैसे वेळात मोजावे लागतात.

एका दुकानाने साठ नग घेतले, विकले की पैसे देऊ म्हणाले. आठ महिन्यांनी पंचवीस परत आले, उन्हात ठेवून रंग उडालेले. बाकीच्यांचे पैसे ‘पुढच्या महिन्यात’. तेव्हापासून रोख. बचतगटाच्या प्रदर्शनात टेबल लावते, तिथे निदान गिऱ्हाईक समोर असतं.

शिंप्याचा_पोर
@चिंधीबाजार, अगदी. वडील म्हणायचे, नवा सदरा शिवायला सांगा, जुना ढिला करायला सांगू नका. उसवण्याचे पैसे कुणी देत नाही. एक सुचवतो, पटलं तर घ्या. शिंप्यांकडे कतरणाची पोती असतात. ते कापड नवं असतं, उसवायचं काही नसतं. पडदे-सोफ्याच्या दुकानात नमुन्यांच्या जुन्या वह्या फेकायला निघतात. एकेका वहीत एकाच पोताचे पंधरा-वीस तुकडे, जाड, कडा कापलेल्या. तुमचा पाऊण तास तिथे वाचेल.

चिंधीबाजार
नमुन्याच्या वह्यांचं माहीत नव्हतं. उद्याच विचारते.

एडिसनकर
एक भर. जपानमध्ये ‘अझुमा बुकुरो’ नावाची पिशवी आहे. रुंदीच्या तिप्पट लांबीचा आयत, दोनच टिपा, बंद वेगळे नाहीतच, कोपऱ्यांची गाठ मारायची. बंदच नाही तर फाटणार काय?

मंडईवाली
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! आठवडाभर मशीनवरच होते.

हिशेब असा. ३१ बटवे झाले, नऊ राहिलेत. कफाची सहा पाकिटं झाली, ती वाणाला नाही, भाच्यांना. पहिले चार बटवे एकाच नाडीचे केले, खणखणीतताईंचं नीट न वाचता. ते खरंच रुसल्यासारखे दिसतात. एका पॉलिस्टर खणाला मेणबत्ती जरा जास्त लागली, आंबा काळा झाला.

लुगड्याचा पदर काढून, आत मांजरपाट, बंदाखाली जीन्सचे चौकोन, चौकोनात फुली, अशी नवी पिशवी शिवली. पट्टा बुडाखालून फिरवला. टाका मोठा केला. या वेळी मंडईत न्यायच्या आधी घरीच परीक्षा घ्यायची ठरवली. स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला पिशवी टांगली, आत सात किलो ज्वारी भरली आणि झोपले.

पहाटे चारला धप्प आवाज आला. नवरा म्हणे चोर. जाऊन बघते तर पिशवी जमिनीवर ताठ बसलेली, बंद शाबूत, टाका न् टाका जागेवर, ज्वारीचा दाणा बाहेर नाही. भिंतीतून खिळा पोपड्यासकट निघून आला होता.

डोंबिवली_फास्ट
आता भिंत कोणत्या नंबरच्या सुईने शिवायची, त्यासाठी वेगळा धागा काढा.